पाटीवरचे पाच डॉलर

डॉलर

अक्षरांच्या बाबतीत पेंटर कुणाच्या बापाचं ऐकत नसे. मेहुणीनं परदेशी नोटा बदलून द्यायचं दुकान काढलं, तेव्हा पाटीचं काम घरच्या घरीच आलं. मजकूर तिनं फोनवर सांगितला. त्यात डॉलर पाच वेळा होता, दर वेळी वेगळ्या देशाच्या नावासकट.

पेंटरला हसू आलं. किलो काय देशागणिक बदलतो? पहिलंच दुकान, पोरगी गांगरली असेल. त्यानं डॉलर एकदाच लिहिला, पण असा लिहिला की रस्त्यापलीकडून आंधळ्यालाही दिसावा. बायको म्हणाली, एकदा विचारून घ्या. तो म्हणाला, तुझ्या बहिणीचा रंग वाचवतोय. संध्याकाळी पाटी चढवली. पाच डॉलरचे भाव लिहिलेले पाच पत्रे गल्ल्याजवळ ठेवलेले होते, त्यांतला सगळ्यात वरचा त्यानं डॉलरपुढच्या खिळ्याला अडकवला आणि घरी जाऊन पोटभर जेवला.

डॉलर

सकाळी मेहुणी पाटीखाली उभी राहिली आणि हातातली किल्ली कुलपात घालायचीच विसरली.

शिडी न्यायला आलेला पेंटर म्हणाला, नाव एक तर वस्तू एक.

"भाऊजी, ताईला तुमची मुलं आई म्हणतात. मलाही माझी म्हणतात. म्हणून उद्यापासून तुमची दोन्ही माझ्याकडे जेवायला पाठवणार का?"

परीक्षेच्या दिवसांत चालेल, असं पेंटरच्या मनात येऊन गेलं. मग हळूहळू दुसरंही काही आलं. घराघरात आई असते, पण तिच्याकडून किती मिळणार, हे त्या घरावर असतं. त्याला खांद्यावरची शिडी एकाएकी जड वाटली.

डॉलर

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं. मुलगा बोटीवर खलाशी असलेली एक म्हातारी बाई. काल संध्याकाळी तिनं पाटी वाचली होती, घरी जाऊन हिशेब केला होता आणि नवऱ्याला कवळी कबूल करून टाकली होती. तिनं रुमालाची गाठ सोडली. नोटांचा गठ्ठा चांगला जाड होता. देश मात्र यादीतला पाचवा, सगळ्यात कमी भावाचा निघाला.

मेहुणी पेंटरकडे बघत राहिली. पाटीचा भाव दिला तर पहिल्याच दिवशी गल्ला खरवडून निघणार, नाही दिला तर दुपारपर्यंत गल्लीभर बोभाटा. सांगायचं पेंटरनंच, हे न बोलताच ठरलं.

त्यानं सांगितलं. कधी नव्हे ते बारीक आवाजात.

बाई स्टुलावर बसली. "पण हाही डॉलरच ना?"

"डॉलरच. पण गरीब घरचा."

तिनं नोटा पुन्हा एकदा मोजल्या. पोरानं त्या मिळवायला कमी घाम गाळला होता असं थोडंच आहे, असं काहीसं पुटपुटली. शेवटी तिनं विचारलं, "वरची तरी येईल का?"

"काय वरची?"

"कवळी. वरची बाजू."

मेहुणीनं आकडा काढला. वरची येत होती. पेंटरनं शिडी भिंतीला टेकवली.

"खालची माझ्याकडून. मजुरीतून काप."

डॉलर

त्या रात्री त्यानं पाटी पुन्हा रंगवली, फुकट आणि विचारपूर्वक. आता पाचही डॉलर आले, पाचही देश आले. शिवाय ज्याचा भाव जास्त त्याचं अक्षर मोठं, ज्याचा कमी त्याचं लहान. म्हणजे पुन्हा कुणा म्हातारीची फसगत नको. पाचवा डॉलर मुंगीएवढा झाला, पण नाकीडोळी नीटस. बायकोनं या वेळी काही विचारलं नाही, त्यामुळे त्याला जरा जास्तच आत्मविश्वास आला.

डॉलर

सकाळी मेहुणीनं ताज्या भावाचे पत्रे अडकवले, दोन पावलं मागे सरकली आणि पुन्हा पुढे येऊन आकडे ताडून पाहू लागली.

"काय झालं?" पेंटरनं विचारलं.

"दुसऱ्याचा भाव उतरला. तिसरा त्याच्या वर गेला."

पेंटरनं मोठ्या दुसऱ्याकडे पाहिलं, मग लहान तिसऱ्याकडे. त्यानं मुकाट्यानं ब्रश भिजत घातला.

"आता हे भाव तरी असेच राहणार ना?"

"हो," मेहुणी म्हणाली. "दुपारपर्यंत."