अनय म्हणजे काय?

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत कुणाला मुलगा झाला, की लोक आधी मिठाईचं दुकान गाठायचे आणि मग उल्हास पेंढरकरांचं घर. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेल्या पेंढरकरांनी आजवर अकरा पोरांची नावं ठेवली होती. नाव सुचवायला त्यांना चहा संपेपर्यंतसुद्धा वेळ लागत नसे. अर्थ तर त्याहून लवकर सुचे.

त्यांची ही कीर्ती एके दिवशी द्विवेदी साहेबांच्या कानावर गेली.

द्विवेदी साहेब म्हणजे जॉइंट सेक्रेटरी. त्यांच्या केबिनमध्ये गेलेला माणूस बाहेर येताना दोन इंच बुटका दिसायचा. टिप्पणीत एक आकडा चुकला म्हणून त्यांनी एका भल्या अधिकाऱ्याला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं होतं, आणि तो दीड वर्ष तिथेच बसून होता. अशा साहेबांनी पेंढरकरांना कॉरिडॉरमध्ये थांबवलं आणि हिंदीतून म्हणाले, "पेंढरकरजी, नातू झालाय. एक छान, शुद्ध संस्कृत नाव सांगा."

"अनय," पेंढरकर म्हणाले.

"मतलब?"

"अ म्हणजे नाही, नय म्हणजे नमणं. जो कुणापुढे नमत नाही तो."

साहेब चक्क हसले. मंत्रालयात हे दृश्य फार थोड्यांनी पाहिलं होतं. पेंढरकर संध्याकाळी बसमधून उतरले ते जवळजवळ तरंगतच घरी आले.

त्यांची बायको हेमलता पहाडगंजच्या मराठी शाळेत संस्कृत शिकवायची. पोळ्या लाटता लाटता तिने सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं खाली ठेवलं.

"अहो, नय म्हणजे नीती. नमण्याचा काय संबंध?"

"मग अनय म्हणजे?"

पीठ लागलेल्या हातानेच तिने कोश काढला आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरला. पेंढरकरांनी वाचलं. अनीती. अन्याय. दुर्दैव. संकट. चौथ्या शब्दापर्यंत येता येता त्यांना जमिनीवर बसावं लागलं.

"पण पुष्कळ मुलांचं नाव असतं की हे," ते कसेबसे म्हणाले.

"असतं. त्यांच्या आजोबांच्या हाताखाली तुम्ही नोकरी करत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन उभे राहिले. साहेबांनी बोलावलं, पण त्यांना तोंड उघडू दिलं नाही. त्यांच्या हातात एक गुळगुळीत कार्ड ठेवलं. त्यावर सोनेरी अक्षरांत 'अनय' छापलं होतं. नामकरण रविवारी, गुरुग्रामला.

"कालच छापून घेतली. आणि तुम्ही यायचंच," साहेब म्हणाले. "माझे वडील बनारसहून येतायत. पस्तीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवलंय. त्यांना व्युत्पत्ती तुम्हीच समजावून सांगा."

पेंढरकर "बिल्कुल सर" म्हणाले आणि बाहेर आले. येताना ते नक्की तीन इंच बुटके झाले होते.

रविवारपर्यंत त्यांना अन्न गोड लागलं नाही. ताप आल्याचं सांगावं असं त्यांनी ठरवलं, तर हेमलता म्हणाली, "मग तुमच्या मागे ते उघड होईल. इतकंच ना?" शेवटी दोघं कॅबने गुरुग्रामला गेली. एकोणिसाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. हॉलमध्ये फुगे, पन्नासेक पाहुणे, आणि टेबलावर केक. केकवर इंग्रजीत चार मोठी अक्षरं होती: ANAY.

साहेबांनी त्यांना हाताला धरून कोपऱ्यातल्या सोफ्यावर नेऊन बसवलं. तिथे पांढरंशुभ्र धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. "बाबूजी, हेच ते पेंढरकरजी," असं सांगून साहेब पाहुण्यांकडे वळले.

बाबूजींनी चष्म्यावरून पाहिलं. "नाव तुम्ही सुचवलंत?"

पेंढरकरांच्या मनात दोन सबबी तयार होत्या. एक वैदिक, एक पाणिनीची. पण त्या शांत डोळ्यांपुढे दोन्ही विरघळल्या.

"माझी चूक झाली, बाबूजी," ते हलक्या आवाजात म्हणाले. "अर्थ मी मनाने बनवला. खरा अर्थ नंतर कळला, आणि सांगायची हिंमत झाली नाही."

बाबूजींनी आजूबाजूला पाहिलं आणि सरकून जवळ आले.

"मला कार्ड पाहिल्याबरोबर कळलं होतं," ते कुजबुजले. "चार दिवस फोन उचलतो आणि ठेवतो. तुम्ही तर हाताखालचे. मी बाप आहे, तरी त्याला काही सांगायचं म्हणजे माझे पाय कापतात. लहानपणापासून तसाच आहे तो."

ती दोन घाबरलेली माणसं एकमेकांकडे पाहत बसली. मग शेजारी बसलेली हेमलता म्हणाली, "बाबूजी, अन्वय चालेल?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "अन्वय. वंश, परंपरा. उत्तम. आणि एकच अक्षर वाढतं."

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान पणजोबांचा होता. बाबूजींनी बाळ मांडीवर घेतलं, कानात सांगितलं आणि मग डोळे मिटून मोठ्याने म्हणाले, "अन्वय."

"बाबूजी, अनय," साहेब म्हणाले.

"कानात गेलं ते गेलं," बाबूजी डोळे न उघडता म्हणाले. "आता बदलत नाही. पेंढरकरजींनी मला अन्वयच सांगितलं."

साहेबांनी पेंढरकरांकडे पाहिलं. पेंढरकरांना रेकॉर्ड रूमचा कुबट वास आला. "हो सर. छापताना व राहिला असेल," एवढंच ते बोलू शकले. तोवर हेमलताने साहेबांच्या सुनेला बाजूला घेऊन सगळा अर्थ सांगून टाकला होता. सून पुढे आली, तिने चमच्याने क्रीम उचललं आणि केकवर N आणि A च्या मध्ये एक V काढला. तो वाकडा आला, पण वाचता येत होता. टाळ्या पडल्या. साहेब केककडे पाहत सावकाश म्हणाले, "पेंढरकरजी, जन्माच्या दाखल्यावर अनय आहे. बदलून आणा."

म्हणून मंगळवारी, रजा टाकून, पेंढरकर नोंदणी कार्यालयाच्या रांगेत दोन तास उभे राहिले. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला आणि मान वर केली.

"अनय बदलायचंय? का? माझ्या मुलाचं नाव अनय आहे. या महिन्यात सात अनय नोंदवलेत मी. या नावात काय वाईट आहे?"

पेंढरकरांनी त्याच्या हातातल्या शिक्क्याकडे पाहिलं. शिक्का हवेत थांबला होता.

"वाईट कसलं, फारच सुंदर नाव," ते घाईघाईने म्हणाले. "आमच्या साहेबांना जरा कमी सुंदर हवं होतं."