वायरीला ताण नको

शिंपीमास्तरांनी बागेच्या कडेला काठी उभी करून तिच्यावर एरियल चढवला आणि मेहुण्याला बजावलं, "वायरीवर कुणाचा पाय पडू देऊ नकोस. बाकी काही करू नकोस."

"म्हणजे ताई करायची तेच ना?"

"तेच."

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. पण दूरगावच्या आपल्या रेडिओमित्राला, गुरांच्या डॉक्टरला, मास्तरांनी ते सांगितलंच नव्हतं. तो "वहिनी कुठायत?" विचारायचा, की हे म्हणायचे, "वायर राखत बसलीय." आज डॉक्टरचं रेडिओवरचं शेवटचं बोलणं. उद्यापासून तो मुलाकडे राहणार. तिथे एरियलला जागा नव्हती. आज खरं सांगायचंच, असं मास्तर ठरवून आले होते.

मेहुण्याचं डोकं मात्र स्वस्थ बसेना. वायर दिसत नाही म्हणूनच लोक अडखळणार, असं ठरवून त्याने तिच्यावर लाल चिंध्या लटकवल्या. दोरी कमी पडली, तेव्हा जिने वायर काठीच्या बुंध्याशी बांधली होती ती दोरीच सोडून घेतली. ती दोरी वायरीच्या जोडाला हिसका बसू नये म्हणून होती, हे त्याला कोण सांगणार?

"वायर ओलांडू नका! एकामागून एक या!" तो बागेत फिरायला आलेल्यांवर ओरडला.

लोक निमूट एकामागून एक उभे राहिले.

"काय वाटताहेत हो?" रांग बघून मागे येऊन उभ्या राहिलेल्या एकाने विचारलं.

"रोपं असतील."

"मग पुढच्यांनाच दोन-दोन देऊ नका म्हणावं!"

मागून रेटा आला. इकडे मास्तरांनी बटण दाबलं. "डॉक्टर, वहिनी गेली रे तुझी." तेवढ्यात मेहुण्याने रेट्यातून वाचवायला वायर खसकन ओढली. ती जोडातून उपटून आली. रेडिओ मुका झाला.

"भाओजी, मी वाचवत होतो..."

मास्तरांनी वायर सोलली, जोडात दाबून घट्ट गुंडाळली. "आता ही अशीच वर उचलून धर. ताण येऊ देऊ नकोस." मेहुणा दोन्ही हातांनी वायर धरून उभा राहिला.

"...आवाज गेला होता तुझा," डॉक्टर म्हणत होता. "काय म्हणालास? ओव्हर."

तेच वाक्य पुन्हा म्हणणं फार जड गेलं. "ती गेली, डॉक्टर. मागच्या वर्षीच. तुला सांगवेना. ओव्हर."

रेडिओत नुसती खरखर. जोड पुन्हा सुटला की काय, म्हणून मेहुण्याने हात आणखी वर केले.

"मास्तर," बऱ्याच वेळाने आवाज आला, "आमचीही गेली. वहिनींच्याही आधीच. तुम्ही दोघं इतकी मजेत, म्हटलं कशाला रडगाणं गा."

"अरे, पण परवा ती लोणी कढवतेय म्हणालास!"

"मीच कढवत होतो. करपलं."

मास्तर हसले आणि हसता हसताच चष्मा काढून डोळे पुसू लागले. रांगेतल्या पहिल्या बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली, मेहुण्याचे भरून आलेले हात बघितले आणि पुढे होऊन दुसऱ्या बाजूने वायर उचलून धरली.