माझा धागा कुणी पळवला?

घरातली कोणतीही वस्तू मी दुरुस्त करू शकतो. इस्त्री, नळ, बायकोच्या आवडत्या छत्रीची मूठ, सगळ्यांना माझा हात लागलेला आहे. त्यानंतर त्या वस्तू फारशा वापरात राहिल्या नाहीत, हा भाग वेगळा!

तर सासरेबुवांचं भिंतीवरचं घड्याळ थोडं पुढे जातंय हे लक्षात आल्यावर मला राहवेना. लहान घरात राहायला गेल्यावर त्यांनी ते आमच्याकडे दिलं होतं. दिलं म्हणजे काय, भिंत आमची आणि घड्याळ त्यांचं! किल्ली ते स्वतःच्या खिशात ठेवायचे आणि दर रविवारी जातीने येऊन द्यायचे. जावई होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या किल्लीला माझं बोट लागलेलं नव्हतं. ते मनाला लागायचं, खोटं कशाला बोलू? घड्याळ बिनचूक करून दाखवायचं आणि किल्ली मिळवायची, असा माझा बेत होता.

शुक्रवारी दुपारी मी काचेचं दार उघडलं आणि काटे मागे फिरवले. घड्याळाने अवेळी ठोका दिला. मी दचकून काटे पुढे नेले, मग पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चार वाजता घड्याळाने नऊ ठोके दिले. पाचला दहा! खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा सगळा दिवस आमच्या ठोक्यांवर चालतो. सातला बारा ठोके ऐकून त्या तपासायच्या वह्या तशाच टाकून झोपल्या, आणि सकाळी जिना चढून जाब विचारायला आल्या.

बायको म्हणाली की बाबांना फोन करून खरं सांगून टाक. मी म्हटलं, त्यापेक्षा भिंत पाडून टाकतो.

शोधता शोधता मला जुन्या घड्याळांच्या शौकिनांचा एक फोरम सापडला. सभासद झालो, सगळ्यात वर जो विभाग दिसला त्यात शिरलो, घड्याळाचा फोटो टाकला आणि 'मदत!!!!' अशा नावाचा धागा काढला, म्हणजे चर्चा सुरू केली. आंघोळ करून येतो तर धागा गायब! विभाग वरपासून खालपर्यंत धुंडाळला. नव्या सभासदांनी आपापली ओळख करून दिली होती, एकमेकांचं स्वागत चाललं होतं, माझा मात्र मागमूस नाही. मी 'पुन्हा मदत!!!!' टाकली. तीही गेली. तिसऱ्या वेळी घड्याळाशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो टाकला, म्हणजे निदान माणसाकडे बघून तरी दया येईल. आम्ही दोघंही नाहीसे झालो!

आता माझं डोकं फिरलं. हे उद्योग फोरमवर देखरेख ठेवणाऱ्या 'लंबक' नावाच्या मॉडरेटरचे आहेत असा शोध लागल्यावर मी चौथा धागा काढला, 'लंबक यांची मनमानी'. या गृहस्थांना घड्याळातलं ओ की ठो कळत नाही, माझा प्रश्न अवघड वाटला म्हणून त्यांनी तो दडवला, असले लोक घरातही कुणाला धड बोलू देत नसणार, असं सगळं सविस्तर लिहिलं. हा धागा मात्र जागचा हलला नाही! घाबरला, असं मी बायकोला सांगतोय तोवर पडद्यावर सूचना आली. माझं लिहिणं उद्यापर्यंत बंद केलं होतं, वाचायला मोकळीक होती.

"लिहिता येत नाही ना?" बायको म्हणाली. "मग आता वाच तरी."

तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि कोपऱ्यातल्या घंटीवर बोट ठेवलं. ती घंटी लाल झालेली मी केव्हाच पाहिली होती, पण मला वाटलं जाहिराती असतील. आत लंबक यांचे निरोप ओळीने उभे होते. पहिला: 'तुमचा धागा ठोक्यांच्या विभागात हलवला आहे, जाणकार तिथे असतात. इथे टिचकी मारा.' दुसरा: 'नवा धागा पहिल्यातच मिसळला आहे, म्हणजे उत्तरं एका जागी राहतील.' तिसरा: 'कृपया आधीचे निरोप वाचा.'

टिचकी मारली तर काय! माझा धागा तिथे सुखरूप होता. 'मदत!!!!' काढून 'काटे मागे फिरवल्यावर ठोके चुकतात' असं सरळ नाव दिलं होतं आणि खाली उत्तरांची रांग लागली होती. कधी न पाहिलेली माणसं माझ्या घड्याळावरून हमरीतुमरीवर आली होती. कुणी विचारत होतं, 'धागाकर्ते कुठे गेले? बरे आहेत ना?' मला खरोखर भरून आलं. ज्याला मी शिव्या घालत होतो, त्याने माझा प्रश्न नेमक्या दारात नेऊन ठेवला होता.

तबकडीखाली एक बारीक तार असते, ती हलकेच ओढली की पुढचे ठोके पडतात, काट्यांशी जुळेपर्यंत ओढा, असं एका बाईंनी लिहिलं होतं. मी ओढली. ठोके जुळले!

रविवारी सासरेबुवा आले तेव्हा अकरा वाजत होते. डोळे मिटून त्यांनी अकराही ठोके ऐकले. मग खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"यापुढे तुम्हीच देत जा," ते म्हणाले. "फक्त काटे मागे फिरवू नका."

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, तिने सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?" मी विचारलं.

"फोटो टाकलात की तुम्ही. माझं घड्याळ मी ओळखणार नाही होय? निवृत्तीनंतर दिवसभर मी काय करतो असं वाटलं तुम्हाला?"

किल्ली मुठीत घट्ट धरून मी त्यांना हळूच विनंती केली, की लंबकांबद्दलचा तो चौथा धागा तेवढा पुसून टाका.

"आम्ही पुसत नाही, जावईबापू. योग्य जागी हलवतो," सासरेबुवा म्हणाले. "तो सकाळीच तुमच्या सासूबाईंकडे हलवला आहे."