शनिवारचं कोडं आणि होणारे सासरे

"शनिवारचं शब्दकोडं? हॅ! चहा निवायच्या आत उडवतो मी!" असं क्लाइव्ह हेपवर्थ पहिल्याच भेटीत हॅरिएटला म्हणाला आणि तिथंच फसला. खरं तर त्याचं कोडं मंगळवारपर्यंत चालायचं, तेही मांडीवर शब्दकोश घेऊन! पण प्रेमात पडलेला माणूस खरं बोलायला लागला तर जगात लग्नं कशी व्हायची?

आज स्वारी लिंकनशायरमधल्या तिच्या गावी मागणी घालायला आली होती. तिचे वडील, मिस्टर पिंचबेक, कोड्यांत म्हणे अख्ख्या गावात एक नंबर. आधी मागणी घालायला आलेल्या दोन पोरांना त्यांनी बागेच्या फाटकातूनच वाटेला लावलेलं. आज त्यांनी 'नाही' म्हटलं की सगळा कारभारच आटोपला!

"बाबा कुत्र्याला फिरवायला गेलेत. तू बस, मी बटाटे बघते," म्हणत हॅरिएट स्वयंपाकघरात पळाली.

बाबांच्या खुर्चीच्या हातावर आजचा पेपर होता. शनिवारचं कोडं भारी खट्याळ. बरीचशी उत्तरं एकाच विषयातली, पण तो विषय कोणता ते रचणारा काही केल्या सांगत नाही. म्हाताऱ्यानं पेन्सिलीनं बरंचसं भरलं होतं. क्लाइव्हनं वाचायला घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला. एक शब्द ओळखीचा असेल तर शप्पथ!

'बाप रे! काय हे ज्ञान!' तो मनात म्हणाला. मग त्यानं डोकं लढवलं. इतकी विचित्र नावं एका जागी कुठं सापडतील? माशांत! समुद्रात काय, वाटेल ते पोहत असतं. विषय मासे! आता कोडं पुरं करून ठेवलं की सासरेबुवा खूश! त्यानं पेन काढलं आणि उरलेल्या घरांत धडाधड मासे सोडले. शेवटचा मासा जरा कोंबावा लागला, पण बसला.

तेवढ्यात हॅरिएट आली आणि किंचाळलीच.

"मेल्या, काय केलंस हे! बाबांचं कोडं! आईनं जन्मात कधी त्यात डोकावून पाहिलं नाही आणि तू पेननं गिरवून ठेवलंस?"

"अगं, मला वाटलं मदत..."

"मदत? आता तुझं लग्न त्या पेनशीच लाव!"

इंग्लंडात दुसऱ्याची बायको पळवली तर लोक पाठीमागे कुजबुजतात. दुसऱ्याचं कोडं भरलं तर तोंडावर दार लावतात! क्लाइव्ह तसाच दुसरा पेपर आणायला दुकानात पळाला. पेपर संपले होते. शेजारच्या मिस टाउलकडे एक होता, पण बाईंनी त्यात बागेतल्या रुबार्बचे, त्या आंबट वासाच्या भाजीचे, ओले देठ गुंडाळले होते.

"पेपर नेतोस? आणि माझा रुबार्ब काय उघडा ठेवू?" बाई कडाडल्या.

क्लाइव्हनं अंगातला नवा कोरा कोट काढून रुबार्बला पांघरला आणि ओला पेपर घेऊन धूम ठोकली. हॅरिएटनं त्यावर इस्त्री फिरवली. त्यानं म्हाताऱ्याच्या वळणात एकेक अक्षर उतरवलं, मासे तेवढे वगळले, आणि जुना पेपर शेकोटीत टाकला. फाटकाशी कुत्रा भुंकला. हॅरिएट स्वयंपाकघरात सटकली.

मिस्टर पिंचबेक खुर्चीत बसले. चष्मा लावला. पेपर नाकाजवळ नेला.

"हेपवर्थ, या पेपरला रुबार्बचा वास कसा येतोय?"

झालं! क्लाइव्हचं उरलंसुरलं धैर्य गळालं. पेन, मासे, कोट, इस्त्री, शेकोटी, सगळं त्यानं भडाभडा ओकून टाकलं.

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "माझे सगळे शब्द उतरवलेत तुम्ही?"

"अक्षरन् अक्षर!"

"काहीच खटकलं नाही?"

"छे, छे! काय ते एकेक मासे, साहेब! मी तर थक्कच झालो!"

मिस्टर पिंचबेक उठले, स्वयंपाकघराचं दार हळूच लावून आले आणि त्याच्या कानाशी वाकले.

"लेका, ते मासेबिसे काही नाहीत. हाताला येतील ती अक्षरं भरतो मी! तीस वर्षं! कोड्यातलं मला ओ की ठो कळत नाही. या पानाला कुणाला हात का लावू देत नाही, वाटलं काय तुला?"

क्लाइव्हचा आ वासलेलाच राहिला. "मग... ते आधीचे दोघं?"

"दोघंही पक्के जाणकार होते रे! असला माणूस घरात घेऊन मी काय स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ?" सासरेबुवांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्यापासून मात्र मला कसलीच भीती नाही. पोरगी दिली!"