बेचाळीस कोरडी घरं

आमच्या गल्लीत बेचाळीस घरं आहेत आणि त्यांपैकी एकाही घरात पावसाचं पाणी साचत नाही. हे मी म्हणत नाही, नगरपालिकेचं दप्तर म्हणतं. दप्तराच्या विरुद्ध बोलायला मी काही चष्मेवाला नाही.

चष्मेवाला गल्लीच्या टोकाला राहतो. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दिवसभर भिंगं घासून घासून त्याला एक खोड लागली आहे : जे जसं दिसतं तसंच तो सांगतो. त्याच्या आईच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी संप पुकारला. तेव्हापासून ती वरच्या मजल्यावरून खाली उतरलेली नव्हती. खिडकीतून ओरडून भाजी घ्यायची आणि भाजीवाल्याने किडकी वांगी वर पाठवायची, असं चाललं होतं. "मला एकदा खाली ने रे, त्या मेल्याशी समोरासमोर भांडायचंय," एवढीच तिची इच्छा. म्हणून चष्मेवाल्याने मागच्या मोकळ्या जागेत दहा बाय बाराची खोली बांधायचं ठरवलं आणि परवानगीसाठी रीतसर अर्ज केला.

अर्ज नगरपालिकेने गांभीर्याने घेतला. नवं छप्पर आलं की त्यावर पाऊस पडणार, पडलेल्या पावसाचं पाणी होणार आणि झालेल्या पाण्याचं व्यवस्थापन करावं लागणार. त्यामुळे गल्लीत एक 'पर्जन्यजल व्यवस्थापन सुविधा' आवश्यक ठरली. आपण तिला शोषखड्डा म्हणतो. कलम सातप्रमाणे ही सुविधा जिथे पाणी साचतं तिथेच असावी. ते कुठे साचतं हे पावसात येऊन पाहता आलं असतं. पण जागेची पाहणी कोरड्या हवामानातच करावी, असं कलम नऊ बजावतं. तेव्हा घरोघर फॉर्म वाटण्यात आले. 'आपल्या जागेत पावसाचे पाणी साचते काय? होय / नाही.'

गल्लीच्या सेक्रेटरींकडे बैठक झाली. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. दर पावसाळ्यात ते पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून स्वतःच्या दिवाणखान्यात हिंडतात.

"होय लिहिलंत तर खणायला तुमच्याच दारात येतील," ते म्हणाले. "शिवाय उद्या घर विकायला काढलं तर? कोण घेईल पाण्यातलं घर?"

"पण पाणी तर साचतं," चष्मेवाला म्हणाला.

"साचतं ते साचू द्या. लिहायचं कशाला?"

आम्ही एकेचाळीस जणांनी 'नाही'वर खूण केली. चष्मेवाल्याने 'होय'वर केली. वर 'घोट्याच्या वर चार बोटे, मागील पायरीपाशी' असं लिहून आकृतीही जोडली. त्याच्या बायकोने घरी गेल्यावर विचारलं, "अहो, फॉर्मच होता ना? की भिंग घासायला दिलं होतं?"

पुढच्याच आठवड्यात अभियंता आले. कोरड्या जमिनीवर चहूकडे नजर टाकून त्यांनी निष्कर्ष काढला, की गल्लीतली एकमेव पाणथळ जागा ही चष्मेवाल्याची.

"साहेब, हेडमास्तरांकडे तर माझ्यापेक्षा जास्त साचतं."

"रेकॉर्डला नाही."

सुविधा भिंतीपासून तीन मीटर आणि कुंपणापासून दीड मीटर लांब हवी. फीत धरली, मोजलं. दोन्ही अटी पुऱ्या करणारी एकच जागा निघाली, आणि ती आईच्या खोलीची होती. खोलीलाही हरकत नव्हती. फक्त ती सुविधेपासून तीन मीटर दूर घ्यायची, म्हणजे पाठीमागच्या हेडमास्तरांच्या दिवाणखान्यात.

"मग मी खोली मागे घेतो," चष्मेवाला म्हणाला. "खोलीच नाही तर खड्डा कशाला?"

"खोली मागे घेता येईल," अभियंता समजुतीच्या सुरात म्हणाले. "पाणी कसं मागे घेणार? तुम्ही सहीनिशी दिलंय."

खड्ड्याचं माप साचणाऱ्या पाण्यावर ठरतं. एकेचाळीस घरांचं पाणी शून्य, म्हणून खड्डा एका घरापुरता, न्हाणीघराएवढा खणला. पण खड्डा म्हटला की कुंपण आलं, कुंपणाला फाटक आलं, फाटकापर्यंत तपासणीच्या गाडीसाठी फरसबंद वाट आली. फरशीत पाणी मुरत नाही, म्हणून वाटेचं पाणी मुरवायला दुसरा छोटा खड्डा आला. शेवटी 'खोल पाणी. पोहू नये' अशी पाटी लागली. गाडी अजून यायची आहे.

आईने खिडकीतून सगळं पाहिलं. "मला खाली आणणार होतास ना रे?" ती म्हणाली. "पाण्याची सोय केलीस. छान केलंस."

मग एकदा सलग तीन दिवस पाऊस झाला. गल्लीत मांडीपर्यंत पाणी चढलं. हेडमास्तरांनी स्टुलावर उभं राहून नगरपालिकेला फोन लावला. आम्ही शेजारच्या स्टुलांवर उभे राहून ऐकत होतो.

"पंप पाठवा. घर नंबर सतरा."

"सतरामध्ये पाणी साचत नाही."

"अहो, माझी कपाटं तरंगतायत!"

"कपाटांचं कपाटांच्या खात्याला कळवा. पाण्याचं तुम्ही 'नाही' लिहून दिलंय."

पंप मात्र आला. तो नियमाप्रमाणे चष्मेवाल्याकडे गेला, कारण नोंद त्याची होती. उपसलेलं पाणी कोरड्या जागी सोडावं, असा नियम आहे. आणि गल्ली तर दप्तरी संपूर्ण कोरडी. तेव्हा पंपाने त्याच्या मागची जागा अर्ध्या तासात कोरडी केली आणि तिथलं पाणी आमच्या अंगावर सोडलं.

आता वरचा मजला फक्त चष्मेवाल्याकडेच. आम्ही सगळे त्याच्या जिन्यात, गच्चीत, वर आईच्या खिडकीपाशी जाऊन बसलो. दोन वर्षांत तिच्याकडे इतकी माणसं आली नव्हती. "बसा, बसा," ती म्हणाली. "आता तुम्हालाही खाली जाता येत नाही. मजा आहे."

तेवढ्यात ओल्या पाटलोणीनिशी अभियंता जिना चढून आले. सुविधा अपुरी ठरल्याचं निदर्शनास आल्यामुळे फेरसर्वेक्षण होतं. त्यांनी पिशवीतून फॉर्म काढून वाटले. प्रश्न तोच.

"कुठेच साचत नसेल तर सुविधा रद्द," ते म्हणाले. "जागा मोकळी, खोली मंजूर. एक जरी 'होय' आला तर मात्र खड्डा मोठा करावा लागेल. हे दुकानही त्यात जाईल."

बेचाळीस घरांची माणसं चष्मेवाल्याकडे बघू लागली.

"आईचा विचार करा हो," हेडमास्तर कळवळून म्हणाले. त्यांच्या पायजम्यातून पाणी गळत होतं.

चष्मेवाला आईकडे वळला. "काय लिहू?"

"मी खाली येईन का रे?"

"येशील."

"मग काय विचारतोस? लिही 'नाही'."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खिडकीबाहेर एकदा नीट पाहिलं. आणि 'नाही'वर खूण केली.

खड्डे बुजले, खोली झाली, आई खाली आली. पहिल्याच दिवशी तिने भाजीवाल्याला असं झाडलं, की तो अजून ताजी वांगी देतो. पावसाळ्यात खोलीत पाणी शिरतं, म्हणून चष्मेवाल्याने तिच्या खाटेच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या. पुढच्या वर्षी चार, यंदा सात. खाट आता इतकी उंच झाली आहे, की आईला तिच्यावरून खाली उतरता येत नाही. ती पुन्हा झरोक्यातून ओरडून भाजी घेते.

आमच्या गल्लीला यंदा 'आदर्श निचरा गल्ली' म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं. ते हेडमास्तरांनी भिंतीवर, बरंच वर, लावलं आहे.

तुमच्या भागातले फॉर्म लवकरच येतील. तुमच्याकडे पाणी साचत नाही, यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. फक्त हे वाचताना तुम्ही दोन्ही पाय वर घेऊन का बसला आहात, तेवढं समजलं नाही.