धोंडूतात्यांनी टाकलेली ओळ

"गणपतीच्या आत तात्यांना बोलतं करते की नाही, बघच तू!" असं म्हणून नीला खोपकरनं कँटीनच्या टेबलावर अशी मूठ आपटली की समोर बसलेल्या नंदकिशोरचा बटाटेवडा बशीतून उडाला!

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मुलुंडची नीला आणि तिचा वर्गमित्र नंदकिशोर मानसशास्त्रज्ञ होण्याचं शिक्षण घेत होते. मेंदूला इजा झालेल्या माणसाचं काय गेलं आणि काय शाबूत राहिलं, हे चाचण्या घेऊन ओळखायचं आणि गेलेलं जमेल तेवढं परत आणायचं, अशी ती विद्या. शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाला एकेक रुग्ण मिळे. नीलाच्या वाट्याला आले भांडुपचे धोंडूतात्या परब.

तात्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. नीलानं कपाचं चित्र दाखवलं की तात्या कपाकडे बघत, नीलाकडे बघत, तोंड उघडत आणि डोळ्यांत पाणी आणून मिटत. पण रेडिओवर अभंग लागला, की शब्दन् शब्द सुरात म्हणत! जन्मभर कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहिलेला माणूस तो. पांडुरंगानं वाचा नेली, पण नाम ठेवलं! त्याची लीला त्यालाच ठाऊक.

नीलानं पुस्तकं धुंडाळून उपाय काढला. बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, गाणं बरंचसं उजव्या. म्हणून साधं वाक्यच गाऊन म्हणायचं, रुग्णाच्या डाव्या हातानं ताल धरायचा. मग शिकवणाऱ्यानं हळूहळू गप्प व्हायचं, रुग्णानं एकट्यानं गायचं. शेवटी चाल गळून पडते आणि बोलणं उरतं.

"पण यार, गाणार कोण?" नंदकिशोरनं जमिनीवरचा वडा उचलत विचारलं. "तू? मग वाट लागली!"

त्याचंही चूक नव्हतं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई नीलाला मुद्दाम पुढे बोलावून सांगत, "खोपकर, तू नुसते ओठ हलव हं बाळ." तंबोऱ्याच्या तारांवरून मांजर घसरत जावं, तसा तिचा गळा!

"सुराचं काय एवढं?" नीला म्हणाली. "शास्त्र पक्कं आहे ना, बस!"

भांडुपच्या चाळीत तात्यांची एक खोली. पहिल्याच दिवशी त्यांच्या पत्नीनं, सोनूबाईंनी, नीलाचा हात धरला. "बाय, ह्यांनी माका कधी नावान हाक मारूक नाय. नुसता 'गो' म्हणत. तां 'गो' परत एकदा आयकलंय ना, तरी माका देव पावलो!"

नीलानं ठरवून टाकलं, आता परीक्षा गेली चुलीत, हा 'गो' आणायचाच! तिनं तात्यांचा डावा हात हातात घेतला, खाटेवर ताल धरला आणि गायली, "चहा हवाऽऽ!"

तात्यांनी डोळे गच्च मिटले. पण टाळकऱ्याचा धर्म! मागोमाग तेही गायले, "चहा हवाऽऽ!"

नीला आनंदानं उडालीच! आता नियमाप्रमाणे ती गप्प झाली आणि वाट बघू लागली. तेवढ्यात दारातून पंधरा-वीस आवाज आले, "चहा हवाऽऽ!"

शेजारच्या शांताबाईंनी सगळा मजला गोळा करून आणला होता! ही कीर्तनात मुरलेली माणसं. ओळ कानावर पडली की ती उचलायची, एवढंच त्यांना माहीत. हळूच टाळ्याही सुरू झाल्या. सोनूबाईंच्या घरात चहाचा गजर होतोय म्हटल्यावर चहा नको का? मोठं पातेलं चढलं!

दुसऱ्या दिवशी चपला जिन्यापर्यंत पोचल्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी नारळ आणला. नीलानं युक्ती केली, वाक्यच बदललं, "दार लावाऽऽ!" सगळ्यांनी ओळ उचलली आणि शांताबाईंनी भक्तिभावानं दार लावलं. आतून, सगळे आत आल्यावर!

"शांतामावशी, तात्यांना एकट्याला गाऊ दे ना!" नीला हात जोडून म्हणाली.

"अगं, एकट्याला कसं सोडायचं? आमचा माणूस आहे तो!"

गर्दी काही हटेना. आणि खरी अडचण वेगळीच होती. नीलानं ओळ टाकली की तात्या म्हणत. ती गप्प राहिली की तेही गप्प. बुवांनी टाकावी, टाळकऱ्यानं उचलावी. स्वतः ओळ टाकणं तात्यांना ठाऊकच नव्हतं! पण नीला हटायला तयार नव्हती. घसा बसला, ज्येष्ठमध चघळला, पुन्हा गायली. चाळ तिच्यामागून इतकी मन लावून गाऊ लागली, की तिचा प्रत्येक चुकलेला सूर पोराटोरांना पाठ झाला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती सोनूबाईंना म्हणाली, "मावशी, उद्या आमचे मोठे सर येणार."

हे शांताबाईंनी ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस धाकटी बाई गातेय, शेवटच्या दिवशी मोठे येणार! म्हणजे हा सप्ताहच की! उद्या काला!

दुसऱ्या दिवशी डॉ. श्यामसुंदर धुरंधर जिना चढून आले. परीक्षक म्हणून त्यांच्या नावानंच मुलांना हिवताप भरे. कडक इस्त्रीचा सफारी सूट, हातात बॅग. दारातच त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, कपाळाला बुक्का लागला आणि चार बायका पाया पडल्या.

"अहो, मी परीक्षक आहे! बुवा नाही!"

"खरे संत असंच म्हणतात!" शांताबाई गहिवरल्या आणि त्यांच्या ओंजळीत दहीपोह्यांचा काला वाढला.

नीलाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी तिनं पदर खोचला आणि गायली, "चहा हवाऽऽ!" तात्या गायले. चाळ गायली. नीला गप्प झाली, चाळ झाली नाही!

"मिस खोपकर," सर ओरडले, "इथे सगळे बोलताहेत! फक्त रुग्ण बोलत नाहीये!" आणि ते उठले.

"सर, एकदाच! शेवटचं!"

नीलानं डोळे मिटले, सोनूबाईंचा तो 'गो' मनात आणला आणि जीव एकवटून असा सूर लावला, की खालच्या मजल्यावरचं तान्हं मूल रडायला लागलं. मागून साऱ्या चाळीनं तोच सूर इमानेइतबारे उचलला.

धाड! तात्यांनी डाव्या हाताची थाप खाटेच्या लाकडावर हाणली. खोली चिडीचूप झाली. तात्यांचा चेहरा लाल, ओठ थरथरताहेत...

"गो!"

सोनूबाईंच्या हातातला डाव काल्याच्या पातेल्यात पडला.

"गो... हिका सांग... गावक नको! सगळ्यांका... बेसूर केल्यान!"

"आयकलास?" सोनूबाई हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे. "'गो' म्हटल्यानी! माका 'गो' म्हटल्यानी!"

पांडुरंग हरीचा असा गजर झाला की भिंतीवरची तसबीर हलली. नीला मात्र खाली बसून पदरानं डोळे पुसत होती.

"यांना ओळ कुणी सुरू करून दिली होती?" सरांनी दरडावून विचारलं.

"नाही सर."

"चाल?"

"तीही नव्हती, सर."

"मग तुम्ही पास." सर नाकावरचा बुक्का पुसत म्हणाले. "उपचार अव्वल आहे! पण तो मी वर्गात शिकवू कसा? इतकं बेसूर गाणारं माणूस दरवर्षी कुठून आणू?"

"मी येईन ना, सर!" नीला उमेदीनं म्हणाली. "भांडुपपासूनच सुरुवात करू. गाऊन दाखवू?"

"नको!" खाटेवरून तात्या गरजले.

आणि तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा टाकलेली ती ओळ डॉक्टर धुरंधरांसकट अख्ख्या चाळीनं उचलली, अगदी एका सुरात!