मोगरा, ओव्हरकोट आणि लेहुआ तूतूची नात

"आपल्या बेटावरच्या या कोना गावाच्या किनाऱ्यावर माझं नुसतं नाव घेतलं तरी चोर चळाचळा कापतात," असं अंकल मेल्विन स्वतःच सांगतात. आमच्या गल्लीत मुळात चोरच नाहीत. त्याचंही श्रेय ते स्वतःकडेच घेतात. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मिशा वाढवल्या, कुठूनसा एक लांब ओव्हरकोट पैदा केला आणि मला, पन्नाशीला टेकलेल्या भाच्याला, सहायक नेमलं. आमच्याकडे ऑक्टोबरातही बनियनमध्ये घाम फुटतो, पण कोट काही उतरत नाही.

शर्यतीच्या दिवशी पहाटेपासून आम्ही रस्त्याकडेला, लेहुआ तूतूच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. तूतू म्हणजे आमच्याकडे आजी; लेहुआ तर अख्ख्या गल्लीचीच तूतू. तूतूची नात पुआलानी चार किलोमीटर पोहणार, एकशेऐंशी किलोमीटर सायकल हाणणार आणि वर बेचाळीस किलोमीटर धावणार. बघणाऱ्यांचेही काही कमी हाल नसतात हो! दिवसभर भात-मासे रिचवत बसायचं, आणि पोरगी दिसणार मोजून दोन मिनिटं.

तूतूने दोन दिवस खपून तिच्यासाठी मोगऱ्याचा दुपदरी हार ओवला होता. "शेवटच्या रेषेपर्यंत माझे गुडघे पोचायचे नाहीत," ती म्हणाली होती, "माझा हार तरी पोचू दे."

चार वाजता पुआलानी धावत आली. तूतूने बर्फाची पेटी उघडली, तर आत हार नाही!

"परत येताना घालते गं!" तूतू कशीबशी ओरडली. पोरगी पुढच्या वळणावरून तासाभरात परतणार होती. तूतूचा चेहरा एवढासा झाला.

"तासभर? पुष्कळ झाला!" अंकल उठले.

"मेल्विन, आधी तो कोट काढ. उकडून मरशील."

"तूतू, कोट काढला की माझं डोकं चालत नाही."

अंकलनी पेटी हुंगली. "मोगरा! म्हणजे हार इथे होता."

"इथेच ठेवला होता, अंकल," मी म्हटलं.

"बघ, पहिलाच निष्कर्ष बरोबर!"

शेजारचा केआवे निखाऱ्यावर मासे भाजत होता. अंकलनी तिथे हुंगलं. "इथेही मोगरा! हात वर कर!"

"हातात मासा आहे, अंकल."

"मासाही वर!"

पलीकडे एक जर्मन बाई गाईच्या गळ्यातली घंटा बडवत आपल्या नवऱ्याची वाट बघत होती. अंकल जवळ जाताच तिथेही घमघमाट. बाईंची पिशवी तपासली, तर उन्हाचं मलम आणि अर्धं केळं निघालं. "नवरा सायकलवरून हार घेऊन पळाला," अंकल कुजबुजले.

"माझा नवरा अजून सायकलवरच आहे," बाई गुरगुरल्या, "आणि त्याला स्वतःचं वजन पेलवत नाहीये!"

अंकलनी माझं मनगट धरलं. "आपण जाऊ तिथे मोगरा. ही टोळी आहे, आणि ती आपल्या एक पाऊल पुढे आहे!" वास मलाही येत होता. म्हटलं, असेल बुवा टोळी.

तासभर उन्हात फिरून अंकल लाल झाले आणि तूतूच्या पायाशी मटकन बसले.

"आता ऐकतोस की काठी हाणू?" म्हणत तूतूने स्वतःच कोटाची बटणं सोडली. आत, घामाने भिजलेला, मोगऱ्याचा दुपदरी हार!

काखेत कळसा म्हणतात. इथे तो गळ्यात होता. पहाटे येईल त्याला हार घालताना, चष्म्याविना, तूतूचाच हात भलत्या हारावर पडला होता. आणि घालणाऱ्यासमोर हार काढायचा नाही ही आमची रीत. म्हणून अंकलनी वरून कोट लावला आणि पार विसरून गेले.

"दिलेला हार मी मागणार नाही," तूतू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात केआवे ओरडला, "आली, पुआलानी आली!"

अंकल गुडघ्यावर बसले. रीत मोडून हार काढला, तूतूच्या गळ्यात घातला, गालाचा मुका घेतला. "आता हा तुझा. तुला हवा त्याला दे."

आणि तूतू तो काढताना आपल्याला दिसू नये, म्हणून या थोर गुप्तहेराने आयुष्यात पहिल्यांदा पाठ फिरवून डोळे घट्ट मिटले.

पुआलानी फाटकाशी थांबली, वाकली. तूतूने हार घातला, तिला छातीशी धरलं. पोरगी रडत होती, आणि मीही.

मग तिने नाक मुरडलं. "तूतू, याला कसला वास येतोय?"

"मेल्विनच्या घामाचा. पण तुझ्याइतका नाही हो! पळ आता!"